अमेरिकेतली बारावी: विषय निवडताना आधी ऑक्टोबर मोजा

महाराष्ट्रातून अमेरिकेत आलेल्या घरात 'बारावी' म्हटलं की अजूनही फेब्रुवारी-मार्चमधली बोर्डाची परीक्षाच डोळ्यांपुढे येते. इथल्या बारावीला, म्हणजे सीनियर इयरला, बोर्ड नाही. सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशी शाखा नाही. एकच मुलगी एकाच वर्षी कॅल्क्युलस, सिरॅमिक्स आणि सरकारशास्त्र शिकू शकते. आणि मुख्य म्हणजे इथे ताणाचा कडेलोट मार्चमध्ये होत नाही, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतो. शाळेचे अवघड विषय नुकते सुरू झालेले असतात, पहिल्या तिमाहीच्या ग्रेड लागत असतात आणि त्याच आठवड्यांत कॉलेजांचे अर्ज आणि निबंध डोक्यावर असतात.

विषयांचा फॉर्म मात्र भरला जातो अकरावीच्या जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा ऑक्टोबर फार लांब वाटतो आणि कागदावर सहा एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेज पातळीचे विषय) सहज मावतात. बहुतेक चुकांचं मूळ हेच. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीला एकच कसोटी लावली आहे: हे वेळापत्रक ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात झेपेल का?

उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाची घेतली आहेत, कारण मराठी कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर नियमांचे आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

पायरी 1: ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवा, आठवणीवर जाऊ नका

काउन्सेलरकडून (विषय आणि कॉलेज अर्जांसाठीचा शाळेतला मार्गदर्शक) किंवा शाळेच्या पोर्टलवरून अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट काढून घ्या. त्यावर नववीपासूनचे विषय, पातळी, ग्रेड आणि क्रेडिट असतात. तीन गोष्टी तपासा.

पहिली, पातळीची नावं. न्यू जर्सीत बऱ्याच शाळांत 'कॉलेज प्रेप' किंवा 'सीपी' लिहिलेला वर्ग म्हणजे साधी, नेहमीची पातळी. नाव ऐकून तो वरचा वर्ग वाटतो, तसा तो नसतो. त्यावर ऑनर्स, त्यावर एपी.

दुसरी, जीपीए (ग्रेडची सरासरी) कोणता छापलाय. अनवेटेडमध्ये ए म्हणजे 4, मग वर्ग कुठलाही असो. वेटेडमध्ये बऱ्याच शाळा एपीतल्या ए ला 5 देतात, ऑनर्सला त्याहून थोडं कमी. पण हे शाळेशाळेवर आहे. शेजारच्या गावातल्या मुलाचा 4.6 आणि आपल्या मुलीचा 4.3 यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. अनेक कॉलेजं स्वतःच्या पद्धतीने जीपीए पुन्हा मोजतात.

तिसरी आणि नव्या कुटुंबांसाठी सर्वांत महत्त्वाची: भारतातल्या नववी-दहावीचे कोणते विषय धरले गेलेत? गणित आणि विज्ञान सहसा धरतात. मराठी किंवा हिंदीला परभाषेचं क्रेडिट मिळू शकतं, पण ते आपोआप मिळेलच असं नाही. गुणपत्रिका दाखवून मागावं लागतं. अमेरिकेचा इतिहास अर्थातच कोरा असतो. अकरावीत आलेल्या मुलाला कधीकधी बारावीत इतिहासाचे दोन वर्ग एकदम घ्यावे लागतात, आणि हे जूनमध्ये कळलं तर सगळं वेळापत्रक कोसळतं.

पायरी 2: राज्याचं देणं आधी फेडा

न्यू जर्सीत डिप्लोमासाठी किमान 120 क्रेडिट लागतात. वर्षभर रोज चालणाऱ्या एका विषयाला साधारण 5 क्रेडिट मिळतात. त्यात इंग्रजी 20, गणित 15, विज्ञान 15, सामाजिक शास्त्रं 15 (अमेरिकेच्या इतिहासाची दोन वर्षं यातच), परभाषा 5, दृश्य किंवा प्रयोगीय कला 5, करिअरविषयक 5 आणि आर्थिक साक्षरतेचे 2.5. याशिवाय शाळेत जितकी वर्षं, तितकी वर्षं दरसाल 3.75 क्रेडिटचं आरोग्य आणि शारीरिक शिक्षण. होय, बारावीतही. 'पीटी'चा तास काढून तिथे आणखी एक एपी बसवता येईल का, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि उत्तर दरवर्षी 'नाही' असंच असतं.

2.5 क्रेडिटचा आर्थिक साक्षरतेचा अर्धवार्षिक वर्ग हा हमखास विसरला जाणारा विषय. तो राहिला असेल तर बारावीत घ्यावाच लागतो आणि एका सत्राची एक पिरियड खातो. काही शाळांत तो उन्हाळ्यात ऑनलाइन संपवता येतो. तशी सोय असेल तर अकरावी संपल्यावर लगेच उरकून टाका.

कॅलिफोर्नियात दोन याद्या आहेत आणि त्यांत गल्लत होते. एक डिप्लोमाची, दुसरी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशाची, जिला 'ए टू जी' म्हणतात. डिप्लोमा मिळाला म्हणजे दुसरी यादी पुरी झाली असं होत नाही. ए टू जी मध्ये 15 वर्षभराचे विषय येतात: इतिहास 2, इंग्रजी 4, गणित 3, विज्ञान 2, परभाषा 2, कला 1 आणि एक ऐच्छिक. यातले 11 अकरावी संपेपर्यंत झालेले असावे लागतात. कलेचा विषय एकाच शाखेचा आणि पूर्ण वर्षाचा हवा. अर्धं वर्ष नाटक आणि अर्धं वर्ष चित्रकला करून तो खण भरला असं समजणारे अडकतात. बारावीत सरकारशास्त्र आणि अर्थशास्त्र प्रत्येकी एक सत्र असतंच, तेव्हा ती एक जागा धरून चाला.

हे सगळं एका कागदावर लिहा. किती पिरियड 'बांधलेल्या' आहेत आणि किती मोकळ्या, एवढंच आत्ता हवंय. आठ पिरियडच्या शाळेत जेवण आणि शारीरिक शिक्षण वजा केलं की सहा उरतात. इंग्रजी आणि एखादा राहिलेला विषय गेला की हातात चार. निवड खरी या चारांचीच आहे.

पायरी 3: एपी मोजण्याआधी पाच खांब पाहा

इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, परभाषा. चुरशीची कॉलेजं बारावीच्या वेळापत्रकात आधी हे पाच शोधतात. न्यू जर्सी तीनच वर्षं गणित मागतं म्हणून बारावीत गणित सोडणं नियमात बसतं, पण अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या अर्जात ते भगदाड दिसतं. पाचातला एक खांब काढायचाच असेल तर त्याच्या जागी आवडीच्या क्षेत्रातलं काहीतरी भक्कम यावं: चौथ्या वर्षाची स्पॅनिश सोडली आणि दुसरं विज्ञान घेतलं, हे कोणालाही समजतं. स्पॅनिश सोडून लागोपाठ दोन स्टडी हॉल (शाळेतच अभ्यासासाठी मोकळ्या पिरियड) घेतले, तर ते समजावून सांगावं लागतं.

स्टडी हॉल वाईट नाही. एक घ्यावाच, असं आमचं स्पष्ट मत आहे, निदान पहिल्या सत्रात. पण तो मोकळ्या चारातल्या जागेवर घ्या, खांबाच्या जागेवर नको.

आता एपींच्या संख्येबद्दल, कारण गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हाच विषय निघतो. कॉलेज तुमच्या मुलाची तुलना दुसऱ्या शाळेतल्या मुलाशी थेट करत नाही. काउन्सेलर अर्जासोबत 'स्कूल प्रोफाइल' पाठवतो. त्यात शाळा किती आणि कोणते एपी देते, हे लिहिलेलं असतं. सहा एपी देणाऱ्या शाळेत तीन आणि पंचवीस देणाऱ्या शाळेत तीन, यांचं वजन वेगळं. शिवाय कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज) शाळेच्या अहवालात काउन्सेलरला एक रकाना भरावा लागतो: या विद्यार्थ्याने निवडलेले विषय शाळेतल्या इतरांच्या मानाने किती कठीण होते? 'सर्वांत कठीण', 'खूप कठीण', 'कठीण', 'सरासरी' अशी ती चढण असते. तेव्हा 'किती एपी घेऊ?' असं हवेत विचारण्यापेक्षा काउन्सेलरला वेळापत्रकाचा कच्चा मसुदा दाखवून विचारा: 'यावर तुम्ही कोणता पर्याय निवडाल? आणि यातला एक एपी कमी केला तर तो बदलेल का?' बऱ्याचदा उत्तर 'बदलणार नाही' असं येतं आणि पाचवा-सहावा एपी तिथेच गळून पडतो.

पायरी 4: गणित आणि विज्ञान

इथे थोडं थांबू, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ याच दोन विषयांत होतो.

गणिताचा जिना असा: अल्जिब्रा 2, मग प्रीकॅल्क्युलस, मग एपी कॅल्क्युलस एबी किंवा बीसी. अकरावीत प्रीकॅल्क्युलस झालं असेल तर प्रश्न एबी की बीसी एवढाच. बीसीमध्ये एबीचा सगळा अभ्यासक्रम असतो, वर अनंत श्रेणी, पॅरामेट्रिक आणि पोलर वक्र आणि इंटिग्रेशनच्या काही जादा पद्धती. विषय अवघड म्हणण्यापेक्षा वेग जास्त. प्रीकॅल्क्युलसमध्ये घरी शिकवणी न लावता ए मिळत असेल तर बीसी घ्या. बी मिळत असेल, किंवा ए शिकवणीच्या टेकूवर उभा असेल, तर एबी. बीसीच्या परीक्षेत एबीचा उपगुण वेगळा मिळतो, तेव्हा बीसी घेतलेल्याने एबीची परीक्षा वेगळी देण्याची गरज नाही.

अकरावीतच बीसी संपलेल्या मुलांसाठी शाळेत मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस असेल तर उत्तम. नसेल तर कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा वर्ग. पण तिथली ग्रेड कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर बसते, पुढे मेडिकल किंवा ग्रॅड स्कूलला अर्ज करताना ती दाखवावी लागते. संध्याकाळी सहाच्या वर्गाला गाडीने नेणार कोण, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो; आठवड्याचे चार तास तोच खातो. तिसरा पर्याय एपी स्टॅटिस्टिक्स. त्याला हलकं समजून नाक मुरडतात, पण मानसशास्त्र, जीवशास्त्र, व्यवसाय, सार्वजनिक आरोग्य यांतलं काही करायचं असेल तर तो कॅल्क्युलसहून जास्त कामी येतो. अभियांत्रिकीसाठी मात्र तो कॅल्क्युलसची जागा घेत नाही.

विज्ञानात तीन एपी फिजिक्स एकमेकांत मिसळले जातात. फिजिक्स 1 आणि 2 बीजगणितावर चालतात. फिजिक्स सी कॅल्क्युलसवर चालतं आणि त्यात दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, यांत्रिकी आणि विद्युत-चुंबकत्व, दोन वेगळ्या परीक्षांसह. काही शाळा दोन्ही एका वर्षात उरकतात. आधी कुठलंच फिजिक्स झालेलं नसताना आणि कॅल्क्युलस त्याच वर्षी सुरू होत असताना दोन्ही सी घेणं म्हणजे पोहायला शिकताना पाठीवर दप्तर बांधणं. कारण सरळ आहे: यांत्रिकीच्या वर्गात डेरिव्हेटिव्ह सप्टेंबरमध्येच लागतो आणि कॅल्क्युलसचा वर्ग तेव्हा अजून लिमिटवर असतो. शाळेत यांत्रिकी एकटं वर्षभर शिकवत असतील तर ते घ्या. नाही तर फिजिक्स 1 किंवा ऑनर्स फिजिक्स. अभियांत्रिकीला अर्ज करणाऱ्याच्या ट्रान्सक्रिप्टवर फिजिक्स असणं आधी महत्त्वाचं, ते 1 की सी, हे नंतर.

एपी केमिस्ट्रीचा भार प्रयोगशाळेत आहे. एपी चालवणारी संस्था, कॉलेज बोर्ड, किमान 16 प्रयोग आणि एक चतुर्थांश वेळ प्रयोगाला सांगतं. प्रत्येक प्रयोगाचा अहवाल लिहावा लागतो, आणि बऱ्याच शाळांत या विषयासाठी काही दिवस दोन पिरियड लागतात. दुसरी पिरियड स्टडी हॉलमधून किंवा शारीरिक शिक्षणातून जाते. फॉर्मवर हे दिसत नाही, विचारावं लागतं.

भारतात परतून अभियांत्रिकी किंवा मेडिकल करायचा विचार घरात थोडा जरी असेल, तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायॉलॉजी हे विषय अकरावी-बारावीच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसले पाहिजेत, इंग्रजीसह. अमेरिकन डिप्लोमाला भारतीय बारावीशी समकक्षता दाखवणारं प्रमाणपत्र असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज देते. विषयच घेतलेला नसेल तर ते प्रमाणपत्र त्याची उणीव भरून काढत नाही.

पायरी 5: तासांचा जमाखर्च

आठवड्याचे तास 168. झोप रोज आठ तास धरली तर 56 गेले. सहा तास धरून सुरुवात करू नका. झोपेतून उसनवारी करायला नंतर आपोआप शिकतातच. उरले 112. शाळा 35, बस किंवा गाडी 5, जेवण-अंघोळ-आवराआवर 14. उरले 58. रोबोटिक्स, बँड, तबला, टेनिस यांतलं जे खरंच चालू आहे त्याचे 12. घर, मित्र, फोन आणि काहीही न करणं यांचे 12. उरले 34.

आता त्यातून कॉलेज अर्जांचे आठवड्याला 6 तास काढा. ऑगस्ट ते डिसेंबर अर्ज हा एक पूर्ण विषयच समजायचा. कॉमन ॲपचा मुख्य निबंध 650 शब्दांपर्यंत. त्यावर प्रत्येक कॉलेजचे एक ते तीन छोटे निबंध. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी आठातले चार प्रश्न, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. दहा कॉलेजं धरली तर वीसेक लिखाणं होतात, आणि प्रत्येकाचे तीन-चार खर्डे.

हातात राहिले 28. त्यात गृहपाठ बसवा. कॅल्क्युलस बीसी 5, फिजिक्स सी 6, एपी लिटरेचर 5, एपी सरकारशास्त्र 4, एक हलका ऐच्छिक विषय 2. बेरीज 22. शिल्लक 6, आणि हे वेळापत्रक चांगलं आहे. त्यात एपी केमिस्ट्रीचे 6 घातले की शिल्लक शून्य. शून्य शिल्लक म्हणजे पहिला ताप आला, एक चाचणी बिघडली किंवा दिवाळी शाळेच्या आठवड्यात आली की मागचं काम साचायला लागतं.

गृहपाठाचे हे आकडे नमुन्यादाखल आहेत. खरे आकडे तुमच्याच शाळेतून आणा: त्या शिक्षकाच्या वर्गात आत्ता बसलेल्या दोन मुलांना विचारा, एक हुशार म्हणून गाजलेलं आणि एक मेहनती. 'अवघड आहे का?' असं विचारलं तर 'चालतंय' एवढंच उत्तर मिळतं. 'गेल्या मंगळवारी रात्री या विषयाला किती वेळ गेला?' असं विचारा. एकाच एपीचा भार शिक्षकानुसार दुप्पट होतो.

पायरी 6: तास सारखे असले तरी काम सारखं नसतं

कॅल्क्युलस आणि फिजिक्स रोजच्या रोज खातात: आज चुकलं की उद्याचं कळत नाही. लिटरेचर आणि इतिहास झटक्याने खातात: दोन आठवडे शांतता आणि मग एकदम दीडशे पानं वाचून चार पानी निबंध. केमिस्ट्री-बायॉलॉजी दोन्ही प्रकारे. एपी रिसर्चसारखा विषय वर्षभर उशाशी बसून राहतो, कारण त्याचा प्रबंध कधीच 'झाला' असं होत नाही.

तीन रोजचे विषय एकत्र घेतले तर चाचण्या एकाच आठवड्यात येतात. शाळांच्या तिमाह्या सगळ्यांना सारख्याच संपतात. तीन लिखाणाचे विषय एकत्र घेतले तर त्याहून वाईट, कारण चौथं लिखाण म्हणजे अर्ज आधीच तिथे आहे. एपी लिटरेचर, एपी रिसर्च, शाळेच्या वर्तमानपत्राचं संपादन आणि वीस निबंध असा बेत असलेल्या मुलीला गणिताचा नव्हे, शब्दांचा थकवा येतो, आणि तो सर्वांत आधी अर्जाच्या निबंधात दिसतो. दोन रोजचे, दोन झटक्याचे आणि एक हाताने करायचा, म्हणजे कला, सुतारकाम, वाद्यवृंद, स्वयंपाक असा काही: ही जुळणी सहसा टिकते. तो शेवटचा विषय 'वाया' समजू नका. दिवसातले तेवढेच 45 मिनिटं स्क्रीनशिवाय जातात.

हवी ती पातळी कशी ठरवायची? ढोबळ नियम असा: एपीत बी मिळण्याची शक्यता असेल तर घ्या, सी मिळण्याची शक्यता असेल तर ऑनर्स. सगळे ए आणण्यासाठी सगळं साधं घेणं ही उलट्या बाजूची चूक, आणि आपल्याकडे ती क्वचितच होते.

पायरी 7: फॉर्म, पर्याय आणि टक्कर

फॉर्मवर शेवटी 'पर्यायी विषय' विचारतात. घाईत तिथे काहीही लिहिलं जातं आणि ऑगस्टमध्ये तेच हातात पडतं. शाळेचं वेळापत्रक संगणक लावतो. ज्या विषयाचा शाळेत एकच वर्ग असतो असे दोन विषय एकाच पिरियडला आले की एक उडतो आणि जागेवर पर्याय येतो. म्हणून आधी विचारा: यातले कोणते विषय एकाच वर्गाचे आहेत? मल्टिव्हेरिएबल, फिजिक्स सी, वाद्यवृंद, वरच्या वर्षाची परभाषा हे सहसा तसे असतात. असे तीन किंवा जास्त असतील तर टक्कर होणार हे धरून पर्याय लिहा, क्रम लावून.

शिक्षकाची शिफारस लागणाऱ्या वर्गात 'शिफारस नाही' असं आलं तर बऱ्याच शाळांत पालकांच्या सहीचा वेव्हर फॉर्म (शिफारस नसतानाही वर्ग घेण्याचा) असतो. तो भरण्याआधी त्यातलं बारीक वाचा: काही ठिकाणी वेव्हरने गेलेल्या मुलाला नंतर खाली उतरता येत नाही.

काउन्सेलरच्या भेटीला मुलीने बोलायचं, आईबाबांनी बाजूला बसायचं. शिफारसपत्र ती व्यक्ती लिहिणार आहे, आणि तिला मुलगी ओळखीची व्हायला हवी. विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत: डिप्लोमाचं काही बाकी आहे का, अवघडपणाच्या रकान्यात काय लिहाल, बीसीतून एबीत उतरायचं झालं तर त्याच पिरियडला एबीचा वर्ग आहे का, आणि विषय सोडायची शेवटची तारीख कोणती. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. सप्टेंबरमध्ये ती शोधायला वेळ नसतो.

परदेशी भाषेबद्दल एक जोडून: मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनी 'सील ऑफ बायलिटरसी'ची चौकशी करावी. दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्याच्या डिप्लोमावर ही नोंद येते. कॅलिफोर्नियाने ती 2011 मध्ये सुरू केली आणि नंतर इतर राज्यांनी उचलली. मराठीसाठी कोणता पुरावा चालतो, हे शाळा जिल्हा ठरवतो.

पायरी 8: सप्टेंबरचे पहिले पंधरा दिवस

बहुतेक शाळांत सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ॲड-ड्रॉपचे, म्हणजे विषय घेण्या-सोडण्याचे असतात. त्या मुदतीत सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर उमटत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) येतो, आणखी उशिरा सोडला तर नापासाची खूण येऊ शकते. अडचण अशी की पहिल्या दोन आठवड्यांत सगळेच विषय सोपे वाटतात. उजळणीच चालू असते. म्हणून वाट न पाहता पहिल्या दिवशी मिळणारं सिलॅबसचं पान घ्या, सर्व विषयांच्या मोठ्या चाचण्या आणि निबंधांच्या तारखा एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवा आणि त्यावर अर्जांच्या तारखा लाल पेनाने लिहा: अर्ली, म्हणजे आधीच्या फेरीच्या अर्जांचा 1 नोव्हेंबर, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची नोव्हेंबरअखेर, रेग्युलरचा 1 जानेवारीच्या आसपास. एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त खुणा असे दोन आठवडे दिसले, तर एक विषय आत्ता खाली आणा. विषय पूर्ण सोडण्यापेक्षा पातळी उतरवणं बरं.

एपीच्या परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते. 2025 मध्ये अमेरिकेत बहुतेक परीक्षांची फी प्रत्येकी 99 डॉलर होती. नोंदवून न दिलेल्या परीक्षेलाही 40 डॉलर कापले जात. बारावीच्या परीक्षा मे महिन्यात होतात आणि गुण जुलैमध्ये येतात, म्हणजे प्रवेशासाठी त्यांचा उपयोग शून्य. उपयोग फक्त कॉलेजमधल्या क्रेडिटचा. तेव्हा यादीतल्या कॉलेजांच्या संकेतस्थळावर त्या विषयाला 4 किंवा 5 ला काय मिळतं ते पाहा. कुठेच काही मिळत नसेल आणि शाळा परीक्षा सक्तीची करत नसेल, तर वर्ग करा, परीक्षेचे पैसे वाचवा.

पायरी 9: जानेवारीनंतर

पहिल्या सत्राच्या ग्रेड काउन्सेलर मिड-इयर रिपोर्टमधून कॉलेजांना पाठवतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया बारावीच्या ग्रेड आपल्या जीपीएत धरत नाही, म्हणून तिकडे अर्ज करणारी मुलं ढिली पडतात. पण तिचा प्रवेश सशर्त असतो: बारावीतही ठरलेली सरासरी राखायची आणि एकाही विषयात डी किंवा एफ नको. इतर कॉलेजंही जूनमध्ये अंतिम ट्रान्सक्रिप्ट मागवतात आणि घसरण फार असेल तर जाब विचारतात. प्रवेश रद्दही होतो.

दुसऱ्या सत्रात वर्ग बदलण्याची मुभा असते. अर्जात लिहिलेला विषय तेव्हा सोडायचा असेल, तर आधी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा, मग शाळेचा फॉर्म भरा. ईमेल मुलाने स्वतः, त्याच्या अर्जाचा क्रमांक घालून, दोन ओळींत लिहायचं: कोणता विषय सोडतोय, त्याच्या जागी काय घेतोय. लेखी होकार येईपर्यंत वर्गात जात राहायचं, आणि तो आला की त्याची एक प्रत काउन्सेलरकडे द्यायची.